लिंक किती टक्के भरू द्यायची? मोजण्यापासून वाढवण्यापर्यंत

ऑफिसची लीज्ड लाइन, म्हणजे प्रोव्हायडरकडून भाड्याने घेतलेली खास लिंक, १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट). वापराचा ग्राफ दाखवतो ६२ टक्के. तरी साडेअकरा वाजले की ईआरपीची (कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) स्क्रीन गोल फिरत बसते आणि व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज तुटतो. प्रोव्हायडरला फोन केला की तो तोच ग्राफ पाठवून सांगतो, "सर, लिंक फुल नाहीये." तक्रार खरी असते आणि ग्राफही खरा असतो.

गोम सरासरीत आहे. कुठल्याही एका क्षणी लिंकवरून एकतर पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) जात असतं किंवा जात नसतं. त्या क्षणापुरती लिंक १०० टक्के भरलेली असते किंवा शून्य. मधलं काही नसतं. ६२ टक्के म्हणजे पाच मिनिटांची सरासरी. त्या ३०० सेकंदांपैकी १८० सेकंद लिंक गच्च भरलेली असेल आणि उरलेले १२० सेकंद ५ टक्क्यांवर, तरी उत्तर ६२च येतं. सलग तीन मिनिटं लिंक चोक, आणि ग्राफवर हिरवा रंग.

म्हणून "७० टक्क्यांपर्यंत चालतं" हे वाक्य एकटं काही कामाचं नाही. ते टक्के किती सेकंदांचे, लिंक केवढी, त्यावर एकटा माणूस किती जागा खाऊ शकतो आणि जोडीची लिंक पडली तर काय, हे कळल्यावरच आकड्याला अर्थ येतो.

पायरी १: खरी क्षमता नक्की करा

सगळ्यात जास्त सापडणारी चूक इथेच असते. प्रोव्हायडरचा फायबर राउटरच्या गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) पोर्टात येतो, करार मात्र १०० एमबीपीएसचा. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर पोर्टचा वेग बघतं आणि १० टक्के वापर दाखवतं. प्रत्यक्षात लिंक काठोकाठ भरलेली. सिस्को राउटरवर इंटरफेसखाली बँडविड्थ किलोबिटमध्ये, म्हणजे १००००० अशी लिहून ठेवा. त्याने वेग कमी-जास्त होत नाही, फक्त टक्क्यांचा हिशेब आणि राउटिंगचं गणित सुधारतं. तेव्हा ओएसपीएफ किंवा ईआयजीआरपी (राउटरांनी आपसात मार्ग ठरवण्याच्या पद्धती) चालू असेल तर आधी मार्ग बदलणार नाही ना, ते पाहून घ्या.

मग करारातला वेग खरोखर मिळतो का ते तपासा. रात्री लिंक रिकामी असताना आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने यूडीपी टेस्ट (हरवलेलं पॅकेट पुन्हा न पाठवणारी) चालवा: ८५, ९०, ९५, १००, १०५ एमबीपीएस, प्रत्येकी तीस सेकंद. जिथून पॅकेट गळायला लागतात ती तुमची खरी मर्यादा. साधारण ९५-९६ ला गळती सुरू झाली तर भांडायला जाऊ नका. आयपर्फ फक्त आतला डेटा मोजतो, प्रोव्हायडर वरची हेडर्सही (पत्ता वगैरेची माहिती) धरतो. ८० ला सुरू झाली तर मात्र तक्रार रास्त आहे.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. इथरनेटवर प्रत्येक फ्रेमच्या (पॅकेट ज्यात गुंडाळून जातं त्या वेष्टनाच्या) पुढे-मागे मिळून २० बाइटांची जागा जाते, ८ प्रीअँबलच्या (फ्रेम सुरू होण्याआधीच्या खुणेच्या) आणि १२ दोन फ्रेम्समधल्या मोकळ्या अंतराच्या. पोर्टचा काउंटर (गेलेले बाइट मोजणारा आकडा) ती धरत नाही. १५१८ बाइटच्या मोठ्या फ्रेम्स असतील तर पूर्ण भरलेला पोर्ट ९८.७ टक्के दिसतो, फरक नगण्य. पण ६४ बाइटच्या छोट्या फ्रेम्सनी गिगाबिट पोर्ट भरला, म्हणजे सेकंदाला १४.८८ लाख फ्रेम्स गेल्या, तर काउंटर ७६ टक्क्यांवरच थांबतो आणि पुढे सरकतच नाही. ट्रॅफिकमध्ये व्हॉइस आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता विचारणं) जास्त असेल तर पॅकेट प्रति सेकंदाचा ग्राफही शेजारी ठेवा. बहुतेक वेळा तोवर राउटरचा सीपीयू आधीच हात टेकतो, ही गोष्ट वेगळी.

पायरी २: काउंटर नीट वाचा

एसएनएमपीवर (राउटरचे आकडे दुरून वाचण्याची पद्धत) जुने ३२ बिटचे काउंटर वापरू नका. ते ४२९ कोटी बाइटांवर गेले की पुन्हा शून्यापासून सुरू होतात. १०० एमबीपीएसवर याला ५ मिनिटं ४४ सेकंद लागतात, गिगाबिटवर फक्त ३४ सेकंद. पूर्ण भरलेली गिगाबिट लिंक दर पाच मिनिटांनी ३२ बिटच्या काउंटरवरून वाचली, तर मधल्या काळात काउंटर आठ वेळा फिरून येतो आणि ग्राफवर सुमारे ८४ एमबीपीएस दिसतं. लिंक मोकळी आहे म्हणून सगळे निवांत. एसएनएमपीची आवृत्ती २सी किंवा ३ घ्या आणि ६४ बिटचे, नावात "एचसी" असलेले काउंटर निवडा.

पोलिंग, म्हणजे काउंटर वाचणं, दर ६० सेकंदांनी करा. एका आठवड्यापुरतं दर १० सेकंदांनी केलं तर आणखी बरं, कारण खरं चित्र तिथेच दिसतं. राउटरवर थेट बघत असाल तर सिस्कोचा लोड इंटरव्हल (सरासरी काढण्याचा काळ) मुळात ५ मिनिटांचा असतो, तो ३० सेकंदांवर आणा.

जुने ग्राफही फसवतात. एमआरटीजी या ग्राफ काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा दिवसाचा ग्राफ पाच मिनिटांच्या सरासरीचा, आठवड्याचा अर्ध्या तासाच्या, महिन्याचा दोन तासांच्या आणि वर्षाचा अख्ख्या दिवसाच्या. जितकं मागे जाल तितकी शिखरं झिजत जातात. "मागच्या वर्षी तर ३० टक्केच होतं" असं कुणी वार्षिक ग्राफ दाखवून म्हणालं, तर त्या ३० मध्ये रात्र आणि रविवारही मिसळलेले आहेत, हे सांगा. सरासरीसोबत कमाल मूल्यही साठवून ठेवण्याची सोय आरआरडीटूल या आकडे साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू करा. नंतर केली तर गेलेली शिखरं परत येत नाहीत.

येणारा आणि जाणारा ट्रॅफिक वेगवेगळा मोजा. त्यांची बेरीज किंवा सरासरी करू नका, जी बाजू जास्त भरलेली तीच खरी. जाणारी बाजू भरली की डाउनलोडही रखडतो, कारण डाउनलोडच्या पोचपावत्या त्याच रांगेत अडकतात. १०० एमबीपीएस डाउनलोडला साधारण २.७ एमबीपीएस नुसत्या पोचपावत्यांसाठी लागतात. ब्रॉडबँडचा अपलोड तोकडा असेल तर हे पटकन जाणवतं.

पायरी ३: टक्के सोडा, रांग बघा

वापरणाऱ्याला टक्के कळत नाहीत, त्याला थांबणं कळतं. रांगेच्या गणितातलं सगळ्यात साधं सूत्र सांगतं की लिंक जितकी रिकामी उरली त्याच्या उलट प्रमाणात वेळ वाढतो. अर्धी भरली की दुप्पट, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट, ९९ ला शंभरपट. ५० वरून ८० पर्यंत फारसं काही जाणवत नाही आणि ९० नंतर कडेलोट होतो, तो यामुळे.

पण पट कशाची? एक पॅकेट तारेवर चढवायला लागणाऱ्या वेळेची. १५०० बाइटच्या पॅकेटला २ एमबीपीएसवर ६ मिलिसेकंद लागतात, १० वर १.२, १०० वर ०.१२ आणि गिगाबिटवर ०.०१२. म्हणजे ९० टक्के भरलेल्या २ एमबीपीएस लिंकवर पॅकेटामागे सरासरी ६० मिलिसेकंद जातात, आणि तितक्याच भरलेल्या गिगाबिटवर ०.१२ मिलिसेकंद, जे कुणालाच कळणार नाही. मोठी लिंक जास्त भरलेली चालते ती याच कारणाने. लहान शाखेच्या लिंकला मुख्यालयाचा नियम लावला की शाखेतून फोन येतात.

या सूत्रात एक खोट आहे. ते धरून चालतं की पॅकेट एकेकटी, आपापल्या मर्जीने येतात. प्रत्यक्षात ती लोंढ्याने येतात. बेलकोर या अमेरिकी टेलिफोन संशोधन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या इथरनेटची मोजमापं १९८९ ते १९९२ या काळात झाली. लेलँड, ताक्कू, विलिंजर आणि विल्सन या संशोधकांनी त्यावरून दाखवलं की ट्रॅफिकची उसळी कुठल्याही काळाच्या मापावर तशीच उरते. सेकंदाकडून मिनिटाकडे गेलात तरी ती गुळगुळीत होत नाही. तेव्हा वरचे आकडे ही चांगल्यात चांगली बाजू समजा.

आता प्रत्यक्ष तपासणी. लिंकच्या पलीकडच्या एखाद्या सर्व्हरला दर सेकंदाला पिंग (जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारं छोटं पॅकेट) लावून ठेवा. समोरच्या राउटरलाच लावू नका, राउटर स्वतःला आलेल्या पिंगला सावकाश उत्तर देतात आणि उगाच शंका येते. १० एमबीपीएसच्या शाखेत संध्याकाळी बॅकअप सुरू झाला की आकडे असे पळतात: ८, ९, ८, ४१, ३१२, ८७०, ११९०, १२०५, १२०४. आणि मग तिथेच अडकून बसतात. बाराशेवर का? लिनक्सवर चालणाऱ्या बऱ्याच राउटरांची रांग मुळात १००० पॅकेटांची असते. हजार गुणिले १५०० बाइट म्हणजे १२ मेगाबिट, ते १० एमबीपीएसवर रिकामे व्हायला १.२ सेकंद. आकडा जिथे स्थिरावतो त्यावरून रांग केवढी आहे हे असं उलट काढता येतं. पॅकेट फारशी हरवत नाहीत, ग्राफ सुंदर सपाट दिसतो, आणि कॉल मात्र अशक्य होतो. व्हॉइससाठी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.११४ शिफारस एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर ठीक मानते.

उलट प्रकारही असतो. पिंग वाढत नाही पण पॅकेट गळतात. हा प्रोव्हायडरचा पोलिसर, म्हणजे ठरलेल्या वेगापुढची पॅकेट फेकून देणारी सोय. तुमचा पोर्ट गिगाबिट, त्यामुळे तुमच्या राउटरवर रांगच लागत नाही. पॅकेट पलीकडे जाऊन मर्यादेवर आपटतात आणि फेकली जातात. तुमच्या पोर्टवर ड्रॉप शून्य दिसतात, म्हणून शोधणारा भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

आणि वापर कमी असताना ड्रॉप किंवा सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या फ्रेम्स) वाढत असतील तर तो गर्दीचा प्रश्नच नाही. कनेक्टर, पॅचकॉर्ड किंवा डुप्लेक्सचा (एकाच वेळी दोन्ही दिशांना पाठवायचं की आळीपाळीने, या सेटिंगचा) घोळ शोधा. एका बाजूला लेट कोलिजन (फ्रेम्सची उशिरा झालेली टक्कर) आणि दुसऱ्या बाजूला सीआरसी एरर दिसले तर एक टोक हाफ आणि दुसरं फुल डुप्लेक्सवर आहे, हे जवळपास पक्कं.

पायरी ४: पर्सेंटाइल काढा, पण ऑफिसच्या वेळेचा

बिलासाठी प्रोव्हायडर ९५वा पर्सेंटाइल वापरतात. महिन्याचे पाच-पाच मिनिटांचे ८६४० नमुने उतरत्या क्रमाने लावायचे, वरचे ४३२ काढून टाकायचे आणि उरलेल्यातला पहिला घ्यायचा. बिलाला हे छान. क्षमता ठरवायला हेच वापरणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

४३२ नमुने म्हणजे ३६ तास. ऑफिस रोज नऊ तास, महिन्याला २५ दिवस चालत असेल तर कामाचे तास २२५. त्यातले ३६ म्हणजे १६ टक्के. रोज सकाळी साडेदहा ते बाराला पाच कमी, म्हणजे दिवसाला जवळपास ८६ मिनिटं लिंक गच्च भरलेली असली तरी ती सगळी त्या ३६ तासांत बसून जातात. पर्सेंटाइल म्हणेल, सगळं ठीक. लोक ज्या वेळेला शिव्या देतात नेमकी तीच वेळ हिशेबातून बाहेर.

म्हणून फक्त कामाच्या दिवसांचे, फक्त कामाच्या वेळेचे, एक मिनिटाचे नमुने घ्या आणि त्यांचा ९५वा पर्सेंटाइल काढा. पुढचे सगळे आकडे याच मापावरचे आहेत.

पायरी ५: मर्यादा ठरवा

आधी बघा, एकटा माणूस किती जागा खाऊ शकतो. १०० एमबीपीएसच्या लिंकमागे गिगाबिट पोर्टवरचा एकच लॅपटॉप अख्खी लिंक गिळू शकतो. १० जीबीपीएसच्या लिंकमागे प्रत्येकी १०० एमबीपीएसची हजारो घरं असतील तर एका घराचा वाटा फार तर एक टक्का. तिथे उसळ्या एकमेकींत मिसळून जातात. शिल्लक जागा निदान एका सर्वांत मोठ्या प्रवाहाइतकी हवी. तेवढी ठेवणं शक्यच नसेल तर टक्क्यांचा नाद सोडून थेट पुढच्या पायरीतल्या रांगेच्या शिस्तीकडे या.

ठोकताळे असे. १० एमबीपीएसपर्यंतच्या शाखेच्या लिंकला ५० टक्के. १०० एमबीपीएसला ६० ते ६५. गिगाबिटला ७० ते ७५. हजारो वापरकर्त्यांच्या १० जीबीपीएसला ८०. फक्त रात्रीचा बॅकअप किंवा रेप्लिकेशन (डेटाची दुसरीकडे नक्कल) वाहणारी लिंक ९५ च्या वर गेली तरी बिघडत नाही, उलट पैसे वसूल होतात. गूगलने आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या बी४ जाळ्याबद्दल २०१३ मध्ये लिहिलं, त्यात बऱ्याच लिंक जवळपास १०० टक्क्यांवर चालवल्याचं सांगितलं होतं. ते जमतं कारण तिथला बहुतेक भार सर्व्हर-सर्व्हरमधल्या कॉप्यांचा, थांबवला तर थांबणारा. कुणी तो दाखला देऊन तुमच्या ऑफिसची लिंक ९५ वर चालवायला सांगितली, तर तुमच्याकडे थांबवता येणारा ट्रॅफिक किती आहे ते आधी मोजा.

दुसऱ्या टोकाला "इथरनेट ३७ टक्क्यांपुढे जात नाही" हे अजून कुठल्या कुठल्या ट्रेनिंगमध्ये ऐकू येतं. ते एका सामायिक केबलवर सगळे टकरा घेत त्या काळातलं, आणि तेव्हाही अर्धवट समजून घेतलेलं. बॉग्ज, मोगल आणि केंट या संशोधकांनी १९८८ मध्ये प्रत्यक्ष मोजून ते खोडून काढलं. आजच्या स्विचवर, फुल डुप्लेक्समध्ये, टक्कर होतच नाही. वाय-फायची हवा मात्र अजून सामायिकच. तिथे एमबीपीएस न बघता अॅक्सेस पॉइंटवर चॅनल किती टक्के वेळ व्यस्त आहे ते बघा आणि ५० च्या वर गेलं की कामाला लागा.

दोन लिंक असतील तर गणित बदलतं. एकटीची सुरक्षित मर्यादा ७० धरली तर दोन सारख्या लिंकांवर प्रत्येकी ३५, तीनवर ४६, चारवर ५२. कारण एक पडली की तिचा भार बाकीच्यांनी उचलायचा असतो. दोन्ही लिंक ५५ टक्क्यांवर असतील तर तुमच्याकडे बॅकअप नाहीच, एकाच लिंकची दोन बिलं आहेत. मुख्य लिंक १०० ची आणि जोडीची ५० ची असेल तर जोडीवर ३५ एमबीपीएसच सुखाने मावतील. लिंक बदलली की काय बंद करायचं, अपडेट की व्हिडिओ की सीसीटीव्हीचा अपलोड, ते आजच लिहून ठेवा.

दोन पोर्ट एलएसीपीने (दोन तारा मिळून एक लिंक करण्याची पद्धत) बांधले असतील तर बेरजेचा ग्राफ बघू नका. एक प्रवाह एकाच तारेवरून जातो, वाटप हॅशवर, म्हणजे पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यावर, ठरतं. बेरीज ५० टक्के दिसत असताना एक तार ९० वर आणि दुसरी १० वर असणं अगदी नेहमीचं.

पायरी ६: भरलेली लिंक वापरण्याजोगी ठेवा

लिंक कधीच भरू नये हा हट्ट लहान लिंकवर चालत नाही. भरू द्या, पण रांग तुमच्या हातात ठेवा. जाणाऱ्या बाजूला शेपर (वेग ठरलेल्या मर्यादेत धरणारी राउटरची सोय) लावा, मोजलेल्या क्षमतेच्या ९५ टक्क्यांवर. म्हणजे रांग प्रोव्हायडरच्या खोक्यात न लागता तुमच्या राउटरवर लागते आणि कुणाला पुढे सोडायचं ते तुम्ही ठरवता. त्या रांगेला एफक्यू-कोडेल किंवा केक (रांग लहान ठेवून सगळ्यांना वाटून देणाऱ्या पद्धती) लावा. लिनक्स, ओपनडब्ल्यूआरटी आणि मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये दोन्ही आहेत. एफक्यू-कोडेलचं ५ मिलिसेकंद लक्ष्य आणि १०० मिलिसेकंद कालावधी जसा आहे तसा राहू द्या, बहुतेकांना तो बदलायची गरज पडत नाही. येणाऱ्या बाजूची रांग पलीकडे लागते, त्यामुळे तिथे शेपर ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावा लागतो. तेवढा वेग हातचा सोडावा लागतो आणि तो सोडणं परवडतं.

व्हॉइसला प्राधान्याची रांग द्या, पण लिंकच्या एकतृतीयांशाच्या आत. सिस्कोचा हा जुना सल्ला अजून खरा आहे. जी.७११ (फोनचा आवाज डिजिटल करण्याची एक पद्धत) चा एक कॉल इथरनेटवर ८७.२ केबीपीएस घेतो, म्हणजे २० कॉल्सना प्रत्येक दिशेला सुमारे १.७५ एमबीपीएस. एवढ्याशा ट्रॅफिकला पुढे काढलं तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. प्राधान्यात व्हिडिओ आणि साहेबांचा लॅपटॉपही घातला की प्राधान्याला काही अर्थ उरत नाही.

मग पुन्हा तीच परीक्षा घ्या. आयपर्फने लिंक भरा आणि पिंग बघत बसा. १० एमबीपीएसवर ८ चे १२०० होत होते, आता ३० च्या आसपास थांबले पाहिजेत. थांबत नसतील तर शेपर अजून ५ टक्के खाली आणा. तरीही फरक नसेल तर शेपर भलत्या इंटरफेसवर लागलाय किंवा राउटरचं हार्डवेअर ऑफलोड त्याला वळसा घालून पॅकेट पुढे ढकलतंय. मायक्रोटिकच्या फास्टट्रॅकसारखी सोय बंद करून पुन्हा बघा आणि तेव्हा सीपीयूवरही लक्ष ठेवा.

पायरी ७: ऑर्डर कधी द्यायची

मर्यादा ओलांडल्यावर ऑर्डर देणं म्हणजे उशीर. पायरी ४ चा आकडा दर महिन्याला एका ओळीत लिहा, सहा महिन्यांत वाढीचा वेग कळतो. महिन्याला ३ टक्क्यांनी वाढत असेल तर ६० चे ८० व्हायला पावणेदहा महिने लागतात, ५ टक्क्यांनी वाढत असेल तर सहाच. त्यातून नवी लिंक चालू व्हायला लागणारा वेळ वजा करा. त्याच फायबरवर वेग वाढवायचा असेल तर काही दिवसांचं काम. नवा फायबर टाकायचा असेल तर रस्ता खोदण्याची परवानगी लागते, आणि मुंबई-पुण्यात महापालिका पावसाळ्यात सहसा खोदू देत नाही. दिवाळीच्या गर्दीला लागणारी लिंक जुलैत मागवली तर ती दिवाळीनंतर येईल. ऑर्डर फेब्रुवारी-मार्चमध्ये जायला हवी, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत चर बुजवून होतो. दुसरी लिंक घेत असाल तर फायबर कुठल्या रस्त्याने येतो ते नकाशावर दाखवायला सांगा. दोन प्रोव्हायडरांच्या तारा एकाच चरातून येत असतील तर जेसीबीचा एकच फटका दोन्ही तोडतो.